स्वॅबच नीट नसेल तर मायक्रोस्कोप काय करणार

विषय ऐकूनच काही जण अवघडतात म्हणून आधीच सांगते, ही पोस्ट गुदमार्गाच्या पॅप टेस्टबद्दल आहे, म्हणजे अ‍ॅनल सायटॉलॉजी. मी सायटॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे स्वॅबने घेतलेल्या पेशी मायक्रोस्कोपखाली तपासतात तिथे, स्लाइड बघायचं काम करते. आमच्याकडे गर्भाशयमुखाची पॅप सगळ्यात जास्त येते, अ‍ॅनल त्यामानाने कमी, पण डोक्याला ताप त्या थोड्यांचाच. 'अनसॅटिस्फॅक्टरी' असा रिपोर्ट गेला की फोन येतो, लॅबमध्ये सँपलचं काय केलंत? आता काय सांगायचं, आम्ही काय केलं ते नंतरचं हो, बाटलीत पेशी आल्याच नाहीत तर आमच्या हातात उरतं काय! माझं स्पष्ट मत आहे की या टेस्टचं निम्म्याहून जास्त भवितव्य स्वॅब आत असताना जी काही सेकंदं जातात त्यात ठरतं, पुढचं सगळं, मशीन, रंग, माझे डोळे, पॅथॉलॉजिस्टचा अनुभव, त्या सेकंदांवर अवलंबून. आणि नेमक्या त्याच सेकंदांबद्दल कोणी बोलत नाही, कारण पेशंटला लाज वाटते, डॉक्टरांना घाई असते, दोघांनाही ते पटकन संपवायचं असतं.

थोडं मागचं सांगते म्हणजे पुढचं लक्षात येईल. गुदमार्ग, म्हणजे अ‍ॅनल कॅनाल, जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचा. आतल्या टोकाला मलाशय, तिथे उंच उंच ग्रंथीच्या पेशी असतात, बाहेरच्या टोकाला त्वचा, तिथे चपट्या स्क्वेमस पेशी, आणि मध्ये दोन्ही जिथे भेटतात तो पट्टा, ट्रान्सफॉर्मेशन झोन. गर्भाशयमुखालाही असाच पट्टा असतो आणि एचपीव्ही या विषाणूला दोन्हीकडे तीच जागा आवडते. गुदमार्गाच्या कॅन्सरपैकी साधारण ९० टक्के एचपीव्हीमुळे होतात, त्यातही टाइप १६ सगळ्यात पुढे. कॅन्सरच्या आधीची जी पायरी असते तिला आम्ही एचसिल म्हणतो, ती वर्षानुवर्षं काही त्रास न देता तिथे बसलेली असू शकते. म्हणून शोधायची.

सरसकट सगळ्यांची ही टेस्ट करायची नसते हेही सांगायला हवं, नाहीतर हे वाचून कोणीतरी उगाच घाबरेल. धोका जास्त कोणाला, तर एचआयव्हीसह जगणारे लोक, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, ट्रान्स स्त्रिया, अवयव प्रत्यारोपण होऊन प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, आणि ज्यांना योनीबाहेरच्या भागावर म्हणजे व्हल्व्हावर एचसिल किंवा कॅन्सर झालेला आहे अशा स्त्रिया. आंतरराष्ट्रीय अ‍ॅनल निओप्लाझिया सोसायटीने २०२४ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात एचआयव्ही असलेल्या समलैंगिक पुरुषांना आणि ट्रान्स स्त्रियांना वयाच्या ३५ पासून, एचआयव्ही असलेल्या बाकीच्यांना ४५ पासून, असे टप्पे दिलेत. त्याच्या आधी बरीच वर्षं वाद होता की शोधून उपयोग काय, उपचार केल्याने कॅन्सर टळतो याचा पुरावा कुठेय? तो पुरावा २०२२ मध्ये अँकर नावाच्या अमेरिकेतल्या मोठ्या ट्रायलमधून आला. एचआयव्ही असलेले, ३५ किंवा त्याहून मोठे, एचसिल सापडलेले साडेचार हजारांच्या आसपास लोक, निम्म्यांवर उपचार, निम्म्यांवर फक्त लक्ष, आणि उपचारवाल्या गटात कॅन्सर होण्याचं प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी. कॅन्सर झाले ते एकीकडे ९ आणि दुसरीकडे २१. आकडे लहान दिसतात पण चित्र इतकं स्वच्छ होतं की ट्रायल वेळेआधी थांबवली.

तर आता शोधण्याला अर्थ आहे हे कळलंय, टेस्ट वाढणार, आणि म्हणूनच सँपलचा दर्जा हा कंटाळवाणा विषय एकदम महत्त्वाचा झालाय.

'पुरेसं सँपल' म्हणजे किती? बेथेस्डा सिस्टिम म्हणून रिपोर्ट लिहिण्याची पद्धत आहे, जगभर बहुतेक तीच वापरतात. तिच्यात अ‍ॅनल सँपलसाठी साधारण २,००० ते ३,००० केंद्रक असलेल्या स्क्वेमस पेशी असाव्यात असं धरलंय. अर्थात आम्ही बसून दोन हजार मोजत नाही हां! मायक्रोस्कोपच्या हाय पॉवरवर काही फील्ड, म्हणजे एका वेळी दिसणारा भाग, बघायची आणि अंदाज बांधायचा. बाटलीतल्या सँपलपासून स्लाइड बनवायच्या थिनप्रेप आणि शुअरपाथ अशा दोन पद्धती आहेत, थिनप्रेपच्या स्लाइडवर एका फील्डमध्ये एक-दोन पेशी, शुअरपाथच्या स्लाइडवरचं पेशींचं वर्तुळ छोटं असतं म्हणून तिथे तीन ते सहा. गर्भाशयमुखाच्या लिक्विड बेस्ड, म्हणजे बाटलीतल्या द्रवात घेतलेल्या, पॅपला ५,००० लागतात, म्हणजे इथे अट आधीच शिथिल केलेली आहे, कारण इथून पेशी मिळवणं मुळातच अवघड, ब्रश घालून डोळ्यांनी बघत खरवडता येत नाही, सगळं अंदाजाने. आणि तरीसुद्धा सँपल नापास होतात.

त्या वाक्यातला 'केंद्रक असलेल्या' हा भाग फार महत्त्वाचा आहे. स्लाइड लावली की कधी कधी सगळीकडे पेशीच पेशी, नवीन आलेली मुलं खूश होतात, वा काय भरलेली स्लाइड आहे. नीट बघितलं तर एकीलाही केंद्रक नाही. नुसते पिवळट-केशरी पापुद्रे, बाहेरच्या कातडीवरची मेलेली, गळून पडायला आलेली साल. याचा अर्थ स्वॅब दारातच घुटमळला, आत गेलाच नाही. एचपीव्ही पेशीत काय करतो ते आम्हाला मुख्यतः केंद्रकातच दिसतं, त्याचा आकार, त्याचा काळेपणा, त्याची कडा, आणि केंद्रकच नसेल तर त्या हजारो सालपटांना काही किंमत नाही. याच्या उलट प्रकार म्हणजे स्लाइडवर नुसत्या मलाशयाच्या उंच पेशींचे गुच्छ आणि स्क्वेमस नावाला. तिथे स्वॅब खोल गेला, पण बाहेर येताना सर्रकन ओढला गेला, वाटेतल्या भिंतीला टेकलाच नाही. अनुभवी माणसाला स्लाइड बघून स्वॅब कसा फिरला असेल ते बऱ्यापैकी सांगता येतं, हे खोटं नाही.

मग मल. तो येणारच, जागाच ती आहे, थोडा आला म्हणून सँपल वाया जात नाही आणि बाटलीतलं पाणी तपकिरी दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. पण मलाचा आणि जिवाणूंचा थर पेशींवर इतका बसला की खालचं काही दिसेना, की मग खेळ संपला. अन्नातले वनस्पतींचे तुकडे दिसतात, त्यांच्या भिंती जाड आणि आतला भाग गडद, शिकाऊ लोकांना ते भयंकर विकृत पेशी वाटतात आणि धावत दाखवायला येतात. क्वचित कधी कृमीची अंडी दिसतात, अमीबाही. ते दिसलं की रिपोर्टमध्ये लिहायचं असतं, पेशंटला तेवढाच बोनस.

आता स्वॅब. इथे मी जरा सविस्तर बोलणार, कारण हे बहुतेकांना कोणी शिकवलेलंच नसतं, कोणीतरी कोणाचं तरी बघून घेतलेलं असतं.

कापसाचा स्वॅब नको. कापूस पेशी धरून ठेवतो, बाटलीत सोडत नाही, शिवाय त्याचे धागे स्लाइडवर येतात. डॅक्रॉन म्हणजे पॉलिएस्टरचा, किंवा हल्ली नायलॉनचा फ्लॉक्ड, म्हणजे टोकावर बारीक तंतू उभे असलेला, मिळतो तो. लाकडी काडी नको, तुटायची किंवा कुसळ लागायची भीती. प्लास्टिकच्या काडीवर तोडण्यासाठी आधीच खाच केलेली असेल तर तीही टाळावी, कारण दाब दिल्यावर ती आतच तुटली तर काय गोंधळ होईल विचार करा. टोक साध्या पाण्यात ओलं करायचं. फक्त पाणी, जेली नाही. ओलं केलं की आत जाताना टोचत नाही आणि पेशीही चांगल्या चिकटतात.

पेशंट डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. नितंब हाताने बाजूला करून स्वॅब हळूहळू आत, चार-पाच सेंटीमीटर, म्हणजे मलाशयाच्या भिंतीला लागेपर्यंत. अडला तर जोर करायचा नाही, किंचित दिशा बदलायची, पेशंटला श्वास सोडायला सांगायचं, स्नायू सैल पडतो. इथपर्यंत बहुतेक लोक बरोबर करतात. चुकतं ते पुढे. आत पोचला की काम झालं असं वाटतं आणि लगेच बाहेर काढतात, पण आत जाणं हे फक्त सुरुवातीच्या जागी पोचणं आहे, सँपल घ्यायचं असतं ते बाहेर येताना. काडी किंचित वाकेल इतका दाब भिंतीवर देत, गोल गोल फिरवत, चारी बाजूंना स्पर्श होईल असं, सावकाश बाहेर यायचं, आणि याला १५ ते ३० सेकंद तरी लागली पाहिजेत, काही जण मिनिटभर घेतात. तीस सेकंद म्हणजे किती ते घड्याळ लावून बघा, अशा प्रसंगात तो फार मोठा वेळ वाटतो, दोघांनाही, म्हणून मनातल्या मनात मोजलं तर हमखास लवकर संपतं. मोठ्याने मोजावं असं मी सांगते. पेशंटलाही कळतं किती उरलंय आणि मोजणाऱ्याचा हात आपोआप हळू चालतो.

बाहेर आला की लगेच बाटलीत, हवेत धरून गप्पा मारायच्या नाहीत. लिक्विडमध्ये जोरात घुसळायचा, भिंतीवर घासायचा, नुसता बुडवून काढला तर निम्म्या पेशी स्वॅबवरच राहतात आणि स्वॅबबरोबर कचऱ्यात जातात, म्हणजे पेशंटने सोसलेलं सगळं कचऱ्यात. टोक बाटलीत सोडायचं की धुऊन टाकायचं हे ज्या त्या सिस्टिमवर आहे, कंपनीचं पत्रक वाचावं. जिथे अजून काचेवर थेट स्मिअर करतात तिथे तर सेकंदांचा प्रश्न असतो, ताबडतोब अल्कोहोलमध्ये टाकली नाही तर पेशी हवेनेच वाळतात, केंद्रकं फुगतात, फिकट पडतात, आणि ते विकृतीमुळे की वाळल्यामुळे हे सांगताना आमची पंचाईत होते.

क्रमाचा मुद्दा राहिला आणि तो माझा सगळ्यात आवडता तक्रारीचा मुद्दा आहे. बोटाने तपासणी आणि स्वॅब दोन्ही एकाच वेळी करायचं असतं आणि करायलाही हवं, कारण बोटाला लागणारी गाठ सायटॉलॉजीत सुटू शकते. पण सवयीने आधी जेली लावून बोट, मग स्वॅब. आधी स्वॅब घ्या हो! जेली गेली की ती पेशींवर पसरते, फिल्टर तुंबतो, स्लाइडवर निळसर चिकट ढग. आधी स्वॅब, मग जेली, मग बोट, एवढं साधं आहे आणि खर्च शून्य.

पेशंटच्या बाजूनेही थोडं आहे, ते सहसा कोणी आधी सांगतच नाही. आदल्या २४ तासांत एनिमा नको, गुदमार्गातून संबंध नको, तिथे कसलं क्रीम किंवा सपोझिटरी नको. लोक बिचारे स्वच्छता म्हणून एनिमा घेऊन येतात, चांगल्या हेतूने, आणि वरच्या सुट्या पेशी त्यात धुऊन जातात. नेहमीसारखं संडासला जाऊन आलं तर उत्तमच, वेगळं काही करायची गरज नाही. हे अपॉइंटमेंटच्या मेसेजमध्ये दोन ओळीत लिहिता येतं, मी कितीदा सुचवलंय.

आता रिपोर्टकडे येऊ. त्यात कधी कधी 'ट्रान्सफॉर्मेशन झोनच्या पेशी दिसल्या' किंवा 'दिसल्या नाहीत' अशी ओळ असते. मलाशयाच्या उंच पेशी किंवा मेटाप्लास्टिक पेशी, म्हणजे ग्रंथीच्या पेशींच्या जागी स्क्वेमस होऊ घातलेल्या, दिसल्या तर स्वॅब त्या पट्ट्यापर्यंत पोचला असं आम्ही धरतो. पण त्या नसल्या म्हणून सँपल नापास होत नाही, स्क्वेमस पेशी पुरेशा असतील तर ते पासच. मला स्वतःला हे नेहमी थोडं खटकतं. नियम म्हणून ठीक आहे, पण 'निगेटिव्ह, ट्रान्सफॉर्मेशन झोन दिसला नाही' असा रिपोर्ट एचआयव्ही असलेल्या, धोका जास्त असलेल्या माणसाचा असेल तर तो मी निर्धास्त निगेटिव्ह म्हणून वाचणार नाही, ज्या पट्ट्यासाठी एवढा खटाटोप केला तिथलं काही आलंय याची खूणच नाही ना. डॉक्टरांनी ती ओळ वाचावी, नुसतं 'निगेटिव्ह' एवढं बघून फाइल मिटू नये.

उलटी गोष्टही आहे. पेशी अगदी थोड्या आहेत, मोजल्या तर नापास, पण त्यातल्या चार पेशी स्पष्ट विकृत आहेत. मग ते सँपल अनसॅटिस्फॅक्टरी म्हणून पाठवायचं नसतं, विकृत पेशी सापडल्या की सँपल आपोआप पास. सापडलेला चोर हातात असताना गर्दी कमी होती म्हणून सोडून द्यायचा नाही.

आणि अनसॅटिस्फॅक्टरी म्हणजे निगेटिव्ह नव्हे! हे इतकं उघड आहे तरी व्यवहारात काय होतं बघा, रिपोर्टवर कॅन्सर लिहिलेलं नाही, घाबरवणारा शब्द कुठला नाही, पेशंटला परत त्या टेबलवर झोपायचं नाहीये, डॉक्टरांकडे वेळ नाहीये, मग दोघं मिळून मनातल्या मनात ते निगेटिव्हच्या खात्यात टाकतात आणि पुढची तारीख वर्षानंतरची. प्रत्यक्षात त्या माणसाची तपासणी झालेलीच नसते. परत घ्यायचं, लवकर घ्यायचं, आणि दुसऱ्यांदाही तसंच आलं, विशेषतः धोका जास्त असेल तर, सरळ हाय रिझोल्यूशन अ‍ॅनोस्कोपीचा विचार करायचा. त्यात अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून, भिंगातून बघून, संशयित जागेची बायोप्सी घेतात. ते करणारे शिकलेले हात सगळीकडेच कमी आहेत ही खरी अडचण, म्हणून तर स्वॅब पहिल्यांदाच नीट घेतला तर त्या रांगेवरचा ताण कमी होतो.

सँपल उत्तम असलं तरी सायटॉलॉजीला तिची मर्यादा आहेच, ते लपवण्यात अर्थ नाही. आम्ही एलसिल, म्हणजे सौम्य बदल, लिहावं आणि बायोप्सीत एचसिल निघावं हे या जागेच्या बाबतीत नेहमीचं आहे, कारण स्वॅब वरवरच्या पेशी आणतो आणि खरा बिघाड खालच्या थरांत असतो. छोटा डाग असेल तर त्याच्यावरून स्वॅब गेला की नाही हेही नशीब. म्हणून अस्कससारखा 'काहीतरी वेगळं वाटतंय पण ठाम नाही' असा रिपोर्टसुद्धा इथे हलक्यात घेत नाहीत.

एचपीव्ही टेस्ट त्याच बाटलीतून करता येते, आणि लोक म्हणतात मग ती केली की पेशी किती हा प्रश्नच मिटला. पूर्ण नाही मिटत. बऱ्याच एचपीव्ही टेस्टमध्ये माणसाच्या एखाद्या जनुकाची तपासणी कंट्रोल म्हणून असते, ते सापडलं की सँपलमध्ये मानवी पेशी आहेत एवढं कळतं, पण त्या पेशी मलाशयाच्या, बाहेरच्या कातडीच्या की मधल्या पट्ट्याच्या हे मशीनला कळत नाही. शिवाय एचआयव्ही असलेल्या समलैंगिक पुरुषांमध्ये एचपीव्ही पॉझिटिव्ह यायचं प्रमाण इतकं जास्त असतं की नुसत्या 'पॉझिटिव्ह'वरून कोणाला पुढे पाठवायचं ते ठरत नाही. टाइप १६ आहे का हे कळलं तर मात्र फार उपयोग होतो.

आणि घरी स्वतः घेतलेला स्वॅब, याबद्दल मला हल्ली खूप जण विचारतात. पेशी बघण्यासाठी स्वतः घेतलेलं सँपल डॉक्टर-नर्सने घेतलेल्यापेक्षा कमी पडतं, कारण स्वतःला करताना माणूस खोल जायला कचरतो आणि लवकर काढतो, साहजिक आहे. एचपीव्ही टेस्टसाठी ते बऱ्यापैकी चालतं. आमच्या क्षेत्रातले काही जण याला नाक मुरडतात, मी नाही मुरडत, जो माणूस लाजेमुळे किंवा कोणीतरी टोचून बोलेल या भीतीने दवाखान्याची पायरीच चढणार नाही त्याच्या बाबतीत 'दर्जेदार सँपल' या शब्दाला काय अर्थ आहे, त्याचं सँपलच नाही ना. फक्त त्या किटमध्ये चित्रांसकट नीट सूचना द्या, खोली किती ते काडीवर खूण करून द्या, जेली वापरू नका हे मोठ्या अक्षरात लिहा, आणि किती सेकंद मोजायचे तेही.